आधी चावी खिशात

रेडिओवर बोलताना एक सोय असते. ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याचा हात दिसत नाही. माझ्या उजव्या हाताची मधली दोन बोटं अर्धीच आहेत. समोर कुणी नवीन माणूस बसला, की त्याची नजर आधी तिथं जाते आणि थोड्या वेळानं तो विचारतोच, ‘काय झालं हो?’ आज तुम्ही विचारण्याआधी मीच सांगतो. आजचा सगळा विषय त्या दोन बोटांमधूनच निघालेला आहे.

द्राक्षाची बाग होती, आमच्या घरचीच. खरड छाटणी होऊन गेली होती. दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात मिनी ट्रॅक्टरला रोटाव्हेटर लावून मी माती भुसभुशीत करत होतो. सोबत चौदा वर्षांचा पुतण्या होता. मध्येच ठिबकची एक जुनी नळी रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळली गेली. अशा वेळी ट्रॅक्टर बंद करायचा, चावी काढायची आणि मग खाली उतरायचं, हे मला चांगलं ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, मी ते इतरांना शिकवत होतो. ट्रॅक्टर चालवणाऱ्यांचे प्रशिक्षण वर्ग घेणं हेच तेव्हा माझं काम होतं. पण बॅटरी जरा कमजोर झाली होती. एकदा बंद केला तर पुन्हा स्टार्ट होईल की नाही, अशी शंका होती. म्हणून मी पुतण्याला सीटवर बसवलं, ‘क्लच पूर्ण दाबून धर’ असं सांगितलं आणि नळी ओढायला मागं गेलो. पोराचा पाय क्लचपर्यंत जेमतेम पोचत होता. चप्पल चिखलानं माखलेली होती. पाय सटकला. पुढचं काही कळायच्या आत घडून गेलं होतं.

त्या पोराचा काडीचाही दोष नव्हता. दोष सर्वस्वी माझा होता. आज तो चाळिशीला आला आहे, स्वतः उत्तम ट्रॅक्टर चालवतो. पण माझ्या हातात चहाचा कप देताना तो अजूनही माझ्या बोटांकडं बघत नाही. बोटांपेक्षा मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

हे सांगण्याचं कारण असं, की यंत्राचे अपघात अडाणी माणसाच्याच हातून होतात असा आपला एक समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. नवखा माणूस भितो, म्हणून जपून वागतो. अपघात होतो तो सवयीच्या माणसाच्या हातून, दिवस कलताना, ‘आता एकच तास राहिलाय’ असं म्हणताना.

आपल्याकडं नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागा असोत, डाळिंबाच्या बागा असोत किंवा आंतरमशागतीची शेती असो, मिनी ट्रॅक्टर आता घरोघर पोचला आहे. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या बचत गटांनाही मोठ्या अनुदानावर मिनी ट्रॅक्टर मिळाले. ज्या घरात कधी बैलजोडी नव्हती, तिथंही ट्रॅक्टर उभा राहिला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण बैल आणि ट्रॅक्टर यांत एक मोठा फरक आहे. मालक पायाखाली आला तर बैल थांबतो. ट्रॅक्टर थांबत नाही. त्याला थांबवावं लागतं.

एका सेकंदाला नऊ फेरे

ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला एक छोटा, खाचा असलेला दांडा बाहेर आलेला असतो. त्याला पीटीओ म्हणतात. इंजिनची ताकद अवजाराला द्यायची ती या दांड्यातून. त्याला जोड असलेला लांब शाफ्ट लावायचा, शाफ्टचं दुसरं टोक रोटाव्हेटरला, फवारणी यंत्राला किंवा मळणी यंत्राला लावायचं, की अवजार फिरू लागतं.

या पीटीओचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे असतो. आकडा ऐकून काही वाटत नाही. म्हणून त्याला ६० नं भागून बघा. सेकंदाला ९ फेरे. आता शाफ्ट दोन इंच जाडीचा धरला, तर त्याचा घेर साधारण १६ सेंटीमीटर भरतो. म्हणजे उपरण्याचं टोक, साडीचा पदर, ओढणी किंवा सुटलेली वेणी त्यात अडकली, तर एका सेकंदात जवळजवळ दीड मीटर कापड गुंडाळलं जातं. काहीतरी चुकतंय हे कळून हात हलायला माणसाला पाऊण-एक सेकंद तरी लागतोच. म्हणजे ओरडायच्या आत माणूस शाफ्टपर्यंत ओढला गेलेला असतो. ताकद लावून सुटता येईल हा विचारच सोडून द्या. वीस अश्वशक्तीच्या यंत्राशी कुणाचा हात झुंजणार?

कंपनी या शाफ्टवर प्लॅस्टिकचं नळीसारखं आवरण देते. आत शाफ्ट फिरतो, आवरण स्थिर राहतं. गावोगावी मी पाहिलं आहे, की ग्रीस करताना अडचण होते म्हणून हे आवरण पहिल्याच हंगामात काढून गोठ्याच्या आढ्यावर टाकलेलं असतं. ते आवरण खाली काढा आणि पुन्हा बसवा. तुटलं असेल तर नवं आणा. ट्रॅक्टरच्या किमतीपुढं त्याची किंमत काहीच नाही.

मळणी यंत्रांत हात जाण्याचे प्रकार एके काळी देशात इतके वाढले होते, की १९८३ मध्ये संसदेनं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा केला. पण रानात कायदा येऊन उभा राहत नाही. तिथं आपली सवयच उपयोगी पडते. म्हणून पहिला नियम पाठ करा: चालत्या पीटीओवरून कधीही पाय टाकून पलीकडं जायचं नाही. चार पावलं जास्त पडली तरी चालतील, ट्रॅक्टरला वळसा घालूनच जायचं.

आता रोटाव्हेटरकडं येऊ. त्याच्या आडव्या दांड्यावर एल आकाराची पोलादी पाती बसवलेली असतात आणि ती जमीन कापत, ढेकळं फोडत फिरतात. ही पाती ट्रॅक्टरच्या चाकांच्या दिशेनंच फिरतात, त्यामुळं ट्रॅक्टरला पुढं ढकलतात. कठीण जमिनीत ट्रॅक्टर अचानक उसळी घेतो तो यामुळंच. मागं येताना मात्र फिरतं रोटाव्हेटर तुमच्या नजरेआड असतं. म्हणून मागं यायचं असेल तर आधी पीटीओ बंद, मग लिफ्ट वर, मग वळून पाहायचं आणि मगच रिव्हर्स गिअर. रोटाव्हेटर फिरत असतानाच लिफ्ट पूर्ण वर घेण्याची अनेकांना सवय असते. त्यानं शाफ्टचा कोन फार तिरका होतो, जोडाचे क्रॉस खडखडतात आणि कधी तरी तुटून भिरकावतात. शिवाय उघड्या पात्यांतून दगड सुटतो तो वेगळाच. मागचा पत्रा खाली असू द्या आणि चालत्या रोटाव्हेटरच्या मागं कुणालाही, विशेषतः गवत-काड्या वेचणाऱ्या बायामाणसांना, उभं राहू देऊ नका.

आणि पात्यांत काही अडकलं तर? पीटीओ बंद, अवजार जमिनीवर, इंजिन बंद, चावी काढून खिशात. एवढं झाल्यावर पाती पूर्ण थांबली आहेत हे डोळ्यांनी पाहायचं आणि मगच हात घालायचा. क्लच दाबलेला आहे म्हणजे यंत्र थांबलं आहे, असा अर्थ होत नाही. कुणाचा तरी पाय तिथं आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

ट्रॅक्टर उलटतो कसा?

ट्रॅक्टरच्या अपघातात सर्वांत जीवघेणा प्रकार म्हणजे ट्रॅक्टर उलटणं. तो दोन प्रकारे उलटतो, बाजूला आणि मागं.

बाजूला उलटण्याचं कारण समजायला डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईची चाल आठवा. वजन उंचावर असलं, की जरासा झोकही पुरतो. ट्रॅक्टरचं इंजिन आणि गिअरबॉक्स चाकांवर उंच बसवलेले असतात. मिनी ट्रॅक्टर तर बागेच्या ओळीतून जावा म्हणून अरुंद केलेला असतो. त्याच्या वजनाचा भार जोवर चाकांच्या आतल्या बाजूला पडतो तोवर तो उभा राहतो. उतारावर आडवं चाललं, वरच्या बाजूचं चाक दगडावर चढलं किंवा खालचं चाक खड्ड्यात गेलं, की तो भार चाकाबाहेर सरकतो. वेगात वळण घेतलं तरी तेच होतं. म्हणून उतारावर शक्यतो चढ-उताराच्या दिशेनं चालवा, आडवं नको. अवजार जमिनीच्या जितकं जवळ ठेवता येईल तितकं ठेवा. आणि न्यूट्रल करून, डिझेल वाचवत उतार उतरण्याची जी खोड असते, ती सोडा. ज्या गिअरमध्ये तो चढ चढता आला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा.

बांध, ओढा, शेततळं, विहीर यांच्या कडेनं जाताना एक सोपं माप लक्षात ठेवा. खड्डा जितका खोल, निदान तितकं अंतर काठापासून राखायचं. पावसानं भिजलेला काठ वरून घट्ट दिसतो, आतून सुटलेला असतो. एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना घेऊन निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत पडली आणि सात महिलांचा जीव गेला. सकाळी भाकरी बांधून कामाला निघालेली माणसं ती. आपल्या रानातली विहीर बिनकठड्याची असेल, तर या उन्हाळ्यात दुसरं काम मागं ठेवा, पण कठडा बांधा. तोवर निदान भोवतीनं काटेरी कुंपण आणि लांबून दिसेल असं निशाण तरी लावा.

मागं उलटण्याचा प्रकार जास्त फसवा आहे. इंजिन मागची चाकं फिरवतं. समजा चाकं चिखलात रुतली आणि फिरेनाशी झाली. तुम्ही ॲक्सिलरेटर वाढवून झटक्यात क्लच सोडला. आता इंजिनची ताकद कुठं जाणार? चाक फिरत नाही, म्हणून ट्रॅक्टरच चाकाच्या आसाभोवती फिरू लागतो. पुढची चाकं उचलली जातात. पाऊण सेकंदात अशी वेळ येते, की त्यानंतर क्लच दाबूनही उपयोग नसतो. रुतलेल्या चाकाला लाकडाचा ओंडका बांधून ट्रॅक्टर काढतात, तेव्हा नेमकं हेच घडतं. त्यापेक्षा चाकापुढची माती उकरा, मागं घेऊन पाहा, नाही तर दुसरा ट्रॅक्टर बोलवा.

हेच ओझं ओढतानाही होतं. ट्रॉली किंवा साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडायची. ओढण्याची जागा मागच्या आसापेक्षा वर गेली, की ओझं ट्रॅक्टरला मागं खेचून पालथं पाडू पाहतं. १९२० च्या दशकात ट्रॅक्टर मागून नांगर ओढत असत आणि नांगराचा फाळ खडकाला अडला की पुढची चाकं उचलली जात. उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी तीन दांड्यांची जोडणी शोधून काढली. तिच्यामुळं अवजार आणि ट्रॅक्टर एकजीव झाले आणि अडलेला फाळ पुढच्या चाकांना वर उचलण्याऐवजी खाली दाबू लागला. आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागं जे तीन दांडे दिसतात, ती त्यांचीच देणगी. पण त्या वरच्या दांड्याच्या जागेला साखळी बांधून झाड ओढलं, तर त्यांनी केलेलं सगळं आपण एका क्षणात उलटं करतो.

उलटल्यावरही माणूस वाचावा म्हणून सीटच्या मागं पोलादी चौकट बसवता येते. स्वीडननं १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना ती सक्तीची केली आणि तिथले मृत्यू झपाट्यानं कमी झाले. आपल्याकडं बऱ्याच ट्रॅक्टरांवर अजून ती दिसत नाही. नवा ट्रॅक्टर घेताना ती मागा. बागेत फांद्यांना लागू नये म्हणून दुमडता येणारी चौकटही असते. चौकट असेल तर सीटचा पट्टा बांधायचाच. चौकट नसेल तर मात्र पट्टा बांधायचा नाही, कारण तेव्हा उडी मारण्याची तेवढीच एक संधी हातात असते.

आणखी एक गोष्ट. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात. शेतात वळताना एकाच चाकाला ब्रेक लावून जागच्या जागी वळता यावं, यासाठी ती सोय आहे. रस्त्यावर आलात की दोन्ही पेडल जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे. ती राहिली आणि वेगात असताना एकाच पेडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर गर्रकन एका अंगाला फिरतो आणि उलटतो.

मडगार्ड ही बसायची जागा नाही

ट्रॅक्टरला सीट एकच असते. ती एकाच माणसासाठी केलेली आहे. पण आपल्याकडं एका मडगार्डवर बापू, दुसऱ्यावर अण्णा आणि मांडीवर नातू, असं दृश्य रोजचं. नातवाला ट्रॅक्टरवर फिरवून आणणं हा आजोबांचा लाड असतो. मलाही तो मोह होतो. पण मडगार्डवरून पडलेलं पोर कुठं पडतं, याचा विचार करा. ते बाजूला पडत नाही. मोठ्या चाकाच्या पुढं किंवा मागच्या फिरत्या अवजारावर पडतं. चालकाला कळेपर्यंत ट्रॅक्टर दोन-तीन हात पुढं गेलेला असतो.

मुलांना ट्रॅक्टर दाखवायचाच असेल तर बंद ट्रॅक्टर दाखवा. सीटवर बसवा, स्टिअरिंग फिरवू द्या. पण चावी तुमच्या खिशात हवी आणि अवजार जमिनीवर टेकलेलं हवं. वर उचललेलं अवजार फक्त तेलाच्या दाबावर तोललेलं असतं. पोरानं खेळता खेळता लिफ्टची दांडी ओढली, तर काही क्विंटलचं लोखंड खाली येतं. याच कारणानं उचललेल्या रोटाव्हेटरखाली शिरून कधीही काम करायचं नाही. पाती बदलायची असतील तर खाली भक्कम लाकडी ठोकळे लावा आणि अवजार त्यांवर टेकवा.

सेल मारत नसेल तेव्हाची एक खोड तर फारच वाईट. खाली उभं राहायचं, स्टार्टरच्या दोन टोकांना स्क्रू ड्रायव्हर लावायचा आणि ट्रॅक्टर ‘डायरेक्ट’ सुरू करायचा. गिअरमध्ये असताना तो सुरू होऊ नये म्हणून कंपनीनं जी सोय केलेली असते, ती अशा वेळी बाजूला पडते. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असेल तर तो सुरू होताक्षणी पुढं निघतो आणि आपण नेमके मागच्या चाकासमोर उभे असतो. कमजोर बॅटरीनं माझी दोन बोटं नेली, ते मी सांगितलंच. बॅटरी ही खर्चाची बाब समजू नका. ती सुरक्षेची वस्तू आहे.

सकाळची दहा मिनिटं

देखभाल आणि सुरक्षा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. नीट राखलेला ट्रॅक्टर मध्येच अडत नाही आणि अडला नाही, की माणूस घाईत नको ते करायला जात नाही.

सकाळी सपाट जागी ट्रॅक्टर उभा असताना, सुरू करण्यापूर्वी, ऑईलची पट्टी काढून पुसा, पुन्हा घाला आणि पातळी पाहा. रेडिएटरचं पाणीही थंड असतानाच पाहायचं. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळं शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण फिरवून दाब मोकळा केलात, की ते एकदम उकळतं आणि वाफेचा लोट थेट तोंडावर येतो.

त्यानंतर एअर क्लीनर. एक लिटर क्षमतेचं छोटं डिझेल इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्यांवर चालत असलं, तर दर मिनिटाला हजार लिटरच्या आसपास हवा आत ओढतं. रोटाव्हेटर चालताना ही हवा म्हणजे निम्मी धूळच. एअर क्लीनर तेलाचा असेल तर धुळीच्या कामात रोज त्याची वाटी उघडून पाहा. तळाशी चिखल साठला असेल तर तेल बदला आणि खुणेपर्यंतच भरा. ती धूळ इंजिनात गेली, तर सिलिंडर आणि रिंगा सहाणेवर घासल्यासारख्या झिजतात. मग काळा धूर, ऑईल खाणं आणि शेवटी इंजिनचं काम.

डिझेल संध्याकाळी काम संपल्यावर, इंजिन निवल्यावर भरा. रात्रभर टाकी रिकामी राहिली तर थंडीत आत दव धरतं आणि त्याचं पाणी फिल्टरमध्ये उतरतं. डिझेल भरताना विडी-सिगारेट नको, हे सांगायला नको. बॅटरीजवळही नको, चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. बॅटरी काढताना आधी अर्थची, म्हणजे बॉडीला जोडलेली वायर सोडवा. म्हणजे पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी उडणार नाही.

टायरची हवा दोन्ही बाजूंना सारखी हवी. एका बाजूला कमी असेल तर ट्रॅक्टर मुळातच कलता उभा असतो, उतारावर तो आणखी कलतो. चाकांचे नट हातानं नव्हे, पान्यानं तपासा. मागं जड अवजार लावल्यावर स्टिअरिंग हलकं वाटू लागलं, तर पुढच्या चाकांवरचं वजन कमी झालं आहे असं समजा. एकूण वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तरी पुढं हवा, नाही तर चाक वळेल पण ट्रॅक्टर वळणार नाही. पुढं वजनं लावण्याची सोय असते, ती वापरा.

रोटाव्हेटरचंही पाहा. पात्यांचे बोल्ट रोज आवळा. पातं झिजलं तर समोरासमोरची जोडी बदला, म्हणजे तोल बिघडत नाही. पात्याची धार फिरण्याच्या दिशेला हवी, हे बसवताना तपासा. दोन्ही टोकांना गुंडाळलेली सुतळी, नळी, तार त्याच दिवशी काढा. ती ऑईल सील कापते आणि गिअरचं तेल गळू लागतं. शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस आठ-दहा तासांनी आणि अर्थातच इंजिन बंद करून. अवजार दुसऱ्या ट्रॅक्टरला लावणार असाल तर शाफ्टची लांबी पुन्हा मोजा. लांब झाला तर तो पीटीओला आत ढकलतो, आखूड झाला तर चालता चालता सुटतो आणि काठीसारखा गरगरा फिरतो.

काही शाफ्टना एक मऊ बोल्ट असतो. पात्यांत दगड अडकला की तो तुटतो. तो तुटण्यासाठीच असतो, घरातल्या फ्यूजसारखा. तो तुटतो म्हणून वैतागून त्या जागी कडक पोलादी बोल्ट घालणं म्हणजे फ्यूजच्या जागी खिळा बसवणं. पुढच्या वेळी बोल्टऐवजी गिअरबॉक्स फुटेल.

ट्रॅक्टरचं वय किलोमीटरवर मोजत नाहीत, तासांवर मोजतात. तो तास मोजणारा मीटर चालू ठेवा आणि पुस्तिकेत सांगितलेल्या तासांना ऑईल, फिल्टर बदला. ती तारीख आणि तास एका वहीत लिहून ठेवले, तर दुसऱ्याच्या आठवणीवर अवलंबून राहावं लागत नाही.

अपघात झालाच तर

हात किंवा कपडा अडकला, तर पहिली कृती इंजिन बंद करण्याची. घाबरून अवजार उलटं फिरवायचं नाही. घरातल्या प्रत्येकाला, ट्रॅक्टर न चालवणाऱ्यांनाही, तो बंद कसा करायचा हे दाखवून ठेवा. आमच्या घरातल्या वहिनीला ते माहीत नव्हतं. ती धावत आली आणि नुसतीच ओरडत राहिली.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरा आणि हात वर उचललेला ठेवा. हळद, माती, शेण काही लावू नका. बोट तुटून वेगळं झालं असेल तर ते शोधा. स्वच्छ, किंचित ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचं तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नका. जितक्या लवकर दवाखाना गाठाल, तितकी ते पुन्हा जोडलं जाण्याची शक्यता जास्त. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरातल्या लहान मुलांनाही पाठ हवा.

राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक डोळा, हात किंवा पाय गेल्यास एक लाख रुपये मिळतात. तालुका कृषी कार्यालयात चौकशी करा, कागदपत्रं वेळेत द्या. तो तुमचा हक्क आहे. पण एक लाखात हात मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

आमच्या ट्रॅक्टरच्या चावीला आता एक लांब लाल दोरी बांधलेली आहे. ही कल्पना पुतण्याची. ट्रॅक्टरवरून उतरणाऱ्यानं ती दोरी गळ्यात घालायची, असा त्यानं घरात नियमच केला आहे. चावी गळ्यात आल्याशिवाय कुणी मागं वळायचं नाही. मागच्या दिवाळीत त्याच्या मुलानं, वय वर्षं पंधरा, पहिल्यांदा बागेत ट्रॅक्टर चालवला. मी बांधावर उभा होतो. पोरगं ओळीच्या टोकाला थांबलं, अवजार खाली टेकवलं, इंजिन बंद केलं, लाल दोरी गळ्यात घातली आणि मग खाली उतरून पात्यात अडकलेली काडी काढू लागलं. कुणी सांगितलं नव्हतं.

माझा पुतण्या शेजारीच उभा होता. काही बोलला नाही. पण त्या दिवशी चहा देताना त्यानं माझ्या हाताकडं पाहिलं.

तुमच्याही घरी एक लाल दोरी असू द्या. दहा रुपयांची येते.